ना डिझेल, ना ड्रायव्हर

उसाच्या फडात भागिरथीच्या पायाला नाग डसला, आणि योगेशच्या ट्रॅक्टरमध्ये डिझेलचा थेंब नव्हता.

नव्वद सालची दिवाळी नुकतीच सरली होती. तिकडं आखातात भांडण पेटलं अन् इकडं पंपावर रिकाम्या कॅनच्या रांगा लागल्या. हाच पुतण्या योगेश वर्षभर भागिरथीच्या नवऱ्याच्या, रंभाजीच्या मागं लागला होता, की तात्या, बैलं विका अन् ट्रॅक्टर घ्या. रंभाजी ऐकतोय कुठला! रोज ऊस भरून सोनईच्या साखर कारखान्याला जाताना तो गाडीत खुशाल आडवा व्हायचा. जाग यायची तेव्हा पोचलेला असायचा.

"माझ्या बैलांना डिझेल लागत न्हाई अन् ड्रायव्हरबी," असं तो चारचौघांत सांगायचा.

आज त्याचंच खरं झालं. दवाखानाही सोनईतच, सात मैलांवर. योगेश खालमानेनं म्हणाला, मी गाडी हाकतो, तुम्ही काकूजवळ बसा. रंभाजीनं त्याला सायकलवर पुढं पिटाळलं. डॉक्टरला थांबवून ठेव, सुई तयार ठेवायला सांग म्हणाला. बैलांना रस्ता पाठ होता.

ऊन लागू नये म्हणून गाडीला चहूबाजूंनी बारदान बांधलं. भागिरथीच्या पापण्या जड झाल्या होत्या. साप चावलेल्या माणसाला झोपू द्यायचं नसतं. रंभाजीनं कासरा सोडून दिला, तिचं डोकं मांडीवर घेतलं अन् बोलत सुटला. तिच्या माहेरची विहीर, लग्नात रुसलेला मामा, काय काय काढलं. तीस वर्षांत बायकोशी एवढं तो कधी बोललाच नव्हता. त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

"आवो, कुठवर आलो?"

"वळण घेतलं बघ आत्ता. आलंच."

मळीचा वास आला, म्हणजे सोनई लागलं. गाडी थांबली, जरा पुढं सरकली, परत थांबली. बाहेर माणसांची गलबल होती. दवाखान्यापुढं गर्दी असेल. तिचा हात सैल पडत चालला होता, त्यानं तो गच्च धरला.

गाडी पुन्हा थांबली ती थांबलीच. बैलांनी लाज राखली म्हणून रंभाजीचे डोळे भरून आले.

"भागे, पोचलो गं. डोळं उघड."

बाहेरून कुणीतरी बारदान वर केलं. कारखान्याच्या वजनकाट्यावरचा राधाकृष्ण आत डोकावला.

"रंभाजी, ऊस कुठंय?"