हात वर करा

मक्याच्या पानांत उकडलेले तमाले निवत चालले होते. कुणाचं तरी बाळ किरकिरत होतं. चर्चमागच्या खोलीतल्या फळ्यावर सिनेटरच्या कचेरीचा नंबर लिहिला होता. लहानपणी इथे आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या इत्सेलसारख्या मुलांना देशात राहू द्यायचं की नाही, यावर उद्या सिनेटमध्ये मतदान होतं.

“जे नागरिक आहेत, त्यांनी हात वर करा,” इत्सेल म्हणाली. “कचेरी बंद व्हायच्या आत फोन लावायचेत. ते मतदारांचंच ऐकतात.”

एकही हात वर गेला नाही. तिच्या आईशेजारी एव्हारिस्तोकाकासुद्धा मख्ख बसून राहिले.

सगळे पांगल्यावर तिने त्यांना गाठलं. “काका, तुम्हीपण? एरवी मत देऊन आलात की गल्लीभर दवंडी पिटता!”

“माझा हात वर गेला असता ना पोरी,” ते हळूच म्हणाले, “तर तुझ्या आईचा खाली राहिलेला सगळ्यांना दिसला असता.”

मग फळ्याकडे बघत त्यांनी नंबर लावला. कचेरी बंद झाली होती.

त्याच दिवशी सकाळी इत्सेलने स्वतःच तो नंबर लावला होता, आणि पलीकडून नाव विचारताच फोन ठेवून दिला होता.