सगळ्यात तिखट पिकप

शेवटचा ठोका पडला आणि ताईने ड्रमच्या काठ्या मांडीवर टाकल्या. गॅरेजच्या पत्र्याच्या दाराची थरथर थांबली. मग बेस गिटार वाजवणारे भावोजी हसले आणि ताईने टॉवेलने कपाळ पुसलं.

"आला," ती म्हणाली. "हात परत आला तुझा."

तिचा जीव भांड्यात पडला होता. धाकट्या भावाला नाही कसं म्हणायचं, या विचाराने तिला कित्येक दिवस धड झोप नव्हती.

भाऊ पेशाने सुतार. तो मात्र गिटारचा पट्टा सोडवण्यात गुंतला. शिडीवरून पडून त्याचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण पकड काही परत आली नाही. रंधा तो खांद्याच्या जोरावर रेटत होता आणि स्क्रू डाव्या हाताने पिळत होता. सुतारकाम असं निभावून नेता येतं, हेवी मेटलचं दणदणीत संगीत नाही. तिथे तळहात तारांवर टेकवून जाड तार सलग हाणावी लागते, आणि एक फटका जरी लुळा पडला तरी सगळं गाणं लंगडतं. कार्यक्रम तोंडावर आला होता. भावोजींनी त्यांच्या ऑफिसातला एक गिटारवाला सांगून ठेवला होता. ताईने स्वच्छ सांगितलं होतं, आज वाजव, जमलं तर तू, नाहीतर तो. लपाछपीतसुद्धा तिने भावाला कधी सूट दिली नव्हती, ती आता देणार होती थोडीच.

म्हणून तो गिटार घेऊन दुरुस्तीवाल्या काकांकडे गेला होता. "पिकप बदलायचेत," तो म्हणाला. "सगळ्यात तिखट द्या. नुसतं बोट लागलं तरी भिंत हादरली पाहिजे."

तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार, म्हणजे पिकप. वरची तार थरथरली की ती थरथर स्पीकरकडे पोचवायची, एवढंच त्याचं काम. पण माणसांसारखेच त्यांचेही स्वभाव. काही मवाळ असतात, तुम्ही जेवढं वाजवाल तेवढंच सांगतात. काही राईचा पर्वत करतात. काकांनी त्याला बऱ्याच जोड्या ऐकवल्या. एक घोगरी निघाली, एक नुसतीच कर्कश. मग एका जोडीवर त्याने जेमतेम नख फिरवलं आणि दुकानाच्या काचा झणझणल्या.

"हीच," तो म्हणाला.

काकांनी चष्म्यावरून त्याच्या मनगटाकडे पाहिलं. "नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारे रोज येतात, मिस्त्री. अंगणानेच नाचून दाखवावं म्हणणारे तुम्ही पहिले."

खरं बोललेलं झोंबतंच. सुतार हसला नाही, पण गिटार ठेवून गेला. आज सकाळी ती हातात मिळाली आणि तो तिथून थेट गॅरेजमध्ये आला. मनगटाची पर्वा न करता त्याने हाणायला सुरुवात केली. पर्वा कशाला करायची, कमी पडेल तिथे पिकप होताच की.

आता भावोजींनी खिशातून फोन काढला. "ऑफिसवाल्याला कळवून टाकतो," ते म्हणाले. "उगाच आशेवर बसायला नको."

"थांबा, भावोजी," सुतार म्हणाला. "ताई, हात परत आलेला नाही. मी सगळ्यात तिखट पिकप बसवून आलोय. तू ऐकलंस ते पिकपचं काम होतं. मी लबाडी केली."

ताई रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती दमलेली दिसली. भावोजींनी फोन हळूच परत खिशात टाकला.

तेवढ्यात सुताराचा फोन वाजला. गळ्यात गिटार अडकलेली, म्हणून त्याने फोन तसाच स्पीकरवर टाकून खोक्यावर ठेवला. पलीकडे काका होते.

"मिस्त्री, माझ्याकडून घोटाळा झालाय. आत्ताच बालवाडीच्या बाई भांडून गेल्या. त्यांना पोरांच्या गाण्यांसाठी मवाळ पिकप हवे होते. वर्गात गिटार जोडली, एक तार छेडली, तर अर्धी पोरं टेबलाखाली. उरलेली अर्धी, पुन्हा वाजवा म्हणून बाईंना सोडायला तयार नाहीत. वरून सगळे सारखेच दिसतात हो. तुमचे तिखट पिकप मी बाईंच्या गिटारला बसवले."

"मग माझ्या गिटारला कुठले आहेत?"

"बाईंचे. माझ्याकडचे सगळ्यात मवाळ. तुम्हाला वाजवताना फारच जोर लावावा लागला असेल. माफ करा."

सुतार आपल्या मनगटाकडे बघत राहिला. ते ठणकत होतं, आणि मेहनतीने ठणकत होतं. त्याला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही. प्लास्टर निघाल्यापासून छातीवर असलेला धोंडा बाजूला झाला होता आणि त्याला पोटभर श्वास घेता येत होता. भावोजी फोन कानाला लावून बाहेर गेले.

"हॅलो? ऐकताय ना, मिस्त्री?" काका विचारत होते. "आत्ता गिटार आणलीत तर आत्ता बदलून देतो."

ताईने काठ्या उचलल्या आणि फोनकडे वाकली.

"आत्ता नाही जमणार, काका," ती म्हणाली. "आत्ता तो वाजवतोय."