तिच्या नंबरावरची नोंदणी

भांडून माहेरी आल्यापासून नवऱ्याचा हा पहिलाच फोन. फणसाच्या चिकानं माखलेल्या हातानंच कुंदानं तो उचलला. “न्यायला कधी येतात ते आधी विचार,” आई कुजबुजली.

“कशी आहेस?” त्यानं विचारलं. एवढी चौकशी त्यानं अख्ख्या संसारात केली नव्हती, त्यामुळे ती लगेच विरघळली. “बरी आहे. तुम्ही जेवता ना वेळेवर?”

“जेवतो गं. दुकानातला कॉम्प्युटर अपडेट घेईना झालाय. त्याची नोंदणी तुझ्या नंबरावर आहे. आत्ता ओटीपी आला असेल, तो सांग.”

लग्नपत्रिका छापायच्या त्या दुकानात कॉम्प्युटर आणायचा हट्ट तिचा, नोंदणीही तिनंच केलेली. तेव्हा तो माउसला हात लावायलाही घाबरायचा. तिनं आकडे सांगितले.

“आता दुसरा येईल, तोही दे,” तो म्हणाला. “तुझा नंबर काढून माझा टाकतोय. म्हणजे पुन्हा तुला फोन करायला नको.”

समोर आई हातानं खुणावून विचारत होती, कधी? कुंदानं तिच्याकडे पाठ फिरवली आणि दुसरे आकडे, त्याला नीट ऐकू जावेत म्हणून, सावकाश वाचून दाखवले.