एका दमाची काच

चंबू याही वेळी वाकडाच निघाला. तिनं काच ज्योतीतून बाहेर काढून नळीतून फुंकर घातली, काच छान फुगू लागली, आणि नेमकी तेव्हाच तिला खोकल्याची उबळ आली. मऊ काचेनं ती उबळ जशीच्या तशी उचलली. एका बाजूला भलंमोठं टेंगूळ आलं आणि फट्‌दिशी फुटलं.

"सर्दी झालीय," ती म्हणाली.

बाबांनी ज्योतीसमोर घालायचा गुलाबी काचांचा चष्मा कपाळावर चढवला. विद्यापीठाच्या काचशाळेत बसून बत्तीस वर्षं ते प्रयोगशाळांसाठी चंबू आणि नळ्या बनवत आले होते. सगळे त्यांना फुंकरकाका म्हणत. चार महिन्यांनी ते निवृत्त व्हायचे होते आणि त्यांच्या जागेसाठी चाचणी होणार होती. ही त्यांची लेक रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गातल्या बाकीच्यांना मोठमोठ्या कंपन्या खुणावत होत्या; हिला हवी होती ती हीच खोली, हीच ज्योत.

"सर्दीला सफरचंदाचा वास येतो होय?" बाबांनी विचारलं.

तिचे कान तापले. दोन वर्षं झाली होती. तास संपले की चौघी मैत्रिणी मागच्या फाटकाजवळच्या खोलीवर जमायच्या. चौघींचा मिळून एक हुक्का होता, सफरचंदाच्या वासाच्या तंबाखूचा. घरी कुणाला पत्ता नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

"ओरडत नाही मी," बाबा म्हणाले. "पण फुंकायचं ते एकच काहीतरी. काच, नाहीतर ते."

एवढं बोलून ते नळी पुसायला लागले.

दुसऱ्या दिवशी तिनं खोलीवर जाऊन सांगून टाकलं. तिघी खो खो हसल्या. ती खोली जिची होती, तिला वाद घालायच्या सवयीमुळे सगळे वकीलबाई म्हणत.

"अगं, पाण्यातून गाळून येतो धूर. सिगरेट थोडीच आहे?" वकीलबाई म्हणाली. "आणि एका चंबूसाठी आम्हाला सोडणार तू?"

"तुम्हाला नाही. हुक्का सोडतेय."

"एकच ते," असं म्हणून वकीलबाईनं हुक्क्याची नळी तिच्या पुढ्यातून पलीकडच्या मैत्रिणीकडे दिली. ते तिला फार लागलं.

पहिले पंधरा दिवस काही विचारू नका. डोकं ठणकायचं, झोप लागायची नाही, आईनं साधं "जेवलीस का" विचारलं तरी ती खेकसायची. एके दुपारी पाय आपसूक त्या खोलीकडे वळले. दारापर्यंत गेली. आत तिघी कशावर तरी खिदळत होत्या. कडीला हात लावला, तसाच मागे घेतला, आणि धावतपळत काचशाळेत येऊन तिनं डझनभर नळ्या फुकट घालवल्या. बाबांनी एकीचाही हिशेब विचारला नाही. ते फक्त म्हणत राहिले, "जोर नको. धार हवी. पोटातून येऊ दे."

दुसऱ्या महिन्यात खोकला हटला. मैत्रिणी मात्र वर्गात दोन बाकं लांब बसू लागल्या. आणि एके सकाळी चंबू गोल आला. बाबांनी तो उजेडात धरून चहूबाजूंनी फिरवला. खोट काढायला डोळे बारीक केले. खोट सापडेना. मग चंबू जपून खाली ठेवून ते चहा सांगायला गेले, ते चक्क शीळ घालत.

चाचणीला आणखी दोन उमेदवार होते, दोघेही मुरलेले कारागीर. दोन लिटरचा चंबू, एका दमात, सगळीकडे सारख्या जाडीचा, असं काम होतं. खिडक्यांशी विद्यार्थ्यांची झुंबड उडाली होती. तिनं काच तापवली, दोन्ही हातांनी एका लयीत फिरवत राहिली. नारिंगी गोळा ज्योतीबाहेर काढला आणि फुंकर सुरू केली. काच लिंबाएवढी झाली, मोसंब्याएवढी झाली, नारळाएवढी झाली, तरी श्वास संपेना. छातीत एवढी जागा आहे हे तिचं तिलाच नवं होतं. शेवटी चंबू पुरा झाला आणि श्वास थोडा उरला. त्या उरलेल्या श्वासात ती हसली.

विभागप्रमुखांनी तीन ठिकाणी जाडी मोजली. पुन्हा मोजली. "इतका एकसारखा तर फुंकरकाकांचाही यायचा नाही," ते म्हणाले.

"नाहीच यायचा!" बाबा एवढ्या जोरात आणि एवढ्या तोऱ्यात म्हणाले की अख्खी काचशाळा हसली.

तिच्या नेमणुकीनंतरच्या पहिल्याच सोमवारी दारात तिघी उभ्या. वकीलबाईच्या हातात पुठ्ठ्याचं खोकं होतं. खोक्यात निळ्या काचेचे तुकडे होते. हुक्क्याचं पाण्याचं भांडं तिनं लगेच ओळखलं. एवढ्या दिवसांनी आल्या, त्या ह्यासाठी!

"ही साधी काच आहे," तिनं कोरडेपणानं सांगितलं. "माझ्या ज्योतीवर तडकेल. जोडून मिळणार नाही."

वकीलबाईनं खोकं टेबलावर ठेवलं. "चाचणीच्या दिवशी आम्ही खिडकीत होतो," ती म्हणाली. "तू फुंकायला लागलीस तशा आम्हीही लागलो. गंमत म्हणून, हवेतच. तू शेवटपर्यंत गेलीस. आम्हा तिघींचा दम निम्म्यातच संपला. तिथंच खोकत बसलो."

"मग आता हे कशाला जोडायचं?"

"जोडायला कोण आलंय? फुटलं नाही गं ते," तिघी एकदम म्हणाल्या. "फोडलंय."