राणीच्या खुर्चीवरची ओंबी

राजवाड्याचे कारभारी ग्रूनफेल्ट यांनी रेशमी मोजा हातावर चढवला आणि खुर्चीच्या पाठीवरून सावकाश फिरवायला सुरुवात केली. राजवाड्याची रीतच तशी. कोरीवकामात एक धागा जरी अडकला तरी खुर्ची परत. राणीसाहेबांच्या झग्याला कुसळ लागून चालत नाही.

ओलुफ सुतार बूट दाराबाहेर काढून लोकरी मोज्यांवर उभा होता. सहा खुर्च्या पास झाल्या होत्या, ही सातवी. राणीसाहेबांना यंदा खेड्याचं वेड लागलं होतं. म्हणून भिंतींना कोवळ्या हिरव्या रंगाचं रेशीम, दारावर बासरी वाजवणाऱ्या मेंढपाळांचं चित्र, आणि खुर्च्यांवर सोन्याच्या वर्खातल्या जवाच्या ओंब्या. मेंढपाळांचे पाय इतके गोरेगोमटे, की त्यांनी जन्मात चिखल पाहिला नसावा. चित्रकारानं तरी कुठे पाहिला होता!

मोजा कुठेच अडकला नाही. खुर्चीच्या उजव्या हातावरच्या एका ओंबीपाशी मात्र कारभारी थबकले.

"ही बाकीच्यांसारखी नाही रे, मिस्त्री. ही वाऱ्यानं वाकलीय."

"चूक झाली असेल तर, हुजूर..."

"चूक कसली? सगळ्यांत झकास हीच आहे!"

ओलुफ याच क्षणाची वाट बघत होता. बायकोनं, मारेननं, निघताना बजावलं होतं: कौतुक ऐकलंत की लगेच तोंड उघडा, मोठ्यांची मर्जी दुधासारखी, नासायला वेळ लागत नाही.

"ती माझ्या धाकट्या भावानं कोरलीय, हुजूर. ईवरनं. गावबंदीचा कायदा यायच्या आधी मी गाव सोडलं, तो मागे अडकला. राजाच्या शेतावर बांधील आहे, चाळिशी उलटेपर्यंत शीव ओलांडायची नाही. पण त्याचा हात नांगराचा नाही. सुटकेची चिठ्ठी मिळाली, तर मी त्याला माझ्याकडे..."

"ईवर?" ग्रूनफेल्टांच्या कपाळाला आठी पडली. "वसंतात न विचारता दोन दिवस पळाला होता, तोच का?"

"पळाला नव्हता, हुजूर. माझ्याकडे आला होता. ही ओंबी त्याच दोन दिवसांतली." बोलून गेल्यावर ओलुफनं जीभ चावली. त्या दोन दिवसांनंतर ईवरचा काही निरोपच आला नव्हता.

"अच्छा! म्हणजे तुझ्या घोड्यावर पहिला तोच बसला की!" कारभारी हसले.

गेल्या थंडीत ओलुफनं राजाच्या शेतावरच्या मुकादमाला शिक्षेचा लाकडी घोडा करून दिला होता. चार पायांवर तिरक्या दोन फळ्या, वर त्यांची धार. माणसाला त्यावर बसवायचं आणि दोन्ही पायांना दगड बांधायचे. नाही म्हणायची सोय नव्हती, हे खरं. पण धार इतकी सरळ आणायला कुणी सांगितलं नव्हतं. दोरी ताणून तपासली होती त्यानं. वेडंवाकडं काम आपल्या हातून होतच नाही, असं मारेनला वर ऐकवलंही होतं. तोच माज आता भोवला. आपलेच दात, आपलेच ओठ.

"किती वेळ बसवलं, हुजूर?"

"तीन तास. मुकादम सांगत होता, असा घोडा सबंध मुलखात नाही." ग्रूनफेल्टांनी मोजा काढला, संगमरवरी टेबलावर कागद ओढून चार ओळी लिहिल्या आणि शिक्का मारला. "जा, घेऊन जा त्याला. नांगरामागे चालणं काही आता त्याच्याच्यानं व्हायचं नाही. तुमचं काय, बसल्याबसल्या काम."

कोरणारा माणूस दिवसभर बाकापाशी उभा असतो, हे सांगायला ओलुफचं तोंड उघडेना. इतकी वर्षं जिच्यासाठी देवाला साकडं घातलं, ती चिठ्ठी समोर होती, आणि तिला हात लावायची त्याला शिसारी आली. तरी हात पुढे गेलाच.

कारभाऱ्यांनी कागदाचं दुसरं टोक सोडलं नाही.

"आणि हो, पलीकडच्या जहागीरदारांनाही तसाच एक घोडा हवाय. महिन्याभरात होईल ना?"

कागद दोघांच्या चिमटीत ताणलेला होता. ओलुफनं मान खाली घातली.

"होईल, हुजूर," तो म्हणाला. आणि सवयीनं विचारून बसला, "उंची तेवढीच ठेवू?"