स्पार्टाची परात

शाळेच्या नाटकात कॉम्प्लेक्समधली मुलं अथेन्स झाली आणि गिरीज गावच्या वाड्यांतली मुलं स्पार्टा. स्पार्टन आई झालेल्या रोशनीला एकच वाक्य होतं. युद्धाला निघालेल्या लेकाला ढाल देत म्हणायचं, "रणातून ढालीसह ये, नाहीतर ढालीवर निजून ये." ती दरवेळी "रनातून" म्हणायची आणि अख्खं अथेन्स खिदळायचं. सर्वांत मोठ्याने हसायचा अथेन्सकडून उसना घेतलेला तिचा नाटकातला लेक, हर्षवर्धन. नाटक बसवणाऱ्या विनयाबाई तिच्याकडून "ण" घोकून घेत असताना रोशनीची आई ढालीसाठी घरची पितळी परात घेऊन आली. लेकीच्या हातात देताना तिने दम भरला, "परात परत आन, नाय त तू पन येऊ नको!" बाई थबकल्या. "रोशनी, आई बोलली तेच बोल." रोशनीने परात हर्षवर्धनच्या छातीवर टेकवली आणि तसंच दरडावलं. त्याला संवादच नव्हता, तरी पुटपुटला, "आनतो, आय."