अर्धी अर्धी गोळी

डोळ्यांच्या पडद्याचे फोटो पाहून डॉक्टर मृदुला केंकरे वैतागल्या. मधुमेहाने अधू होणाऱ्या डोळ्यांसाठी नव्या अँटिऑक्सिडंट गोळीची चाचणी सुरू होती, पण पार्वताबाईंच्या डोळ्यांत काडीचाही फरक नव्हता.

“गोळी रोज घेता ना?”

“घेते की. अर्धी मी, अर्धी जाऊबाई.”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “अहो, सगळ्यावर पाणी पडलं! आता चाचणीतून तुमचं नाव काढावं लागेल.”

“काढा. पण त्यांनाही साखरेनंच दिसेनासं झालंय. त्यांच्यासमोर मला एकटीला गोळी गिळवत नाही.”

“मग त्यांना इथं का नाही आणलंत?” डॉक्टर चिडल्या.

“आणलं होतं,” पार्वताबाई हळूच म्हणाल्या. “साखर फार वाढलीय, चाचणीत बसत नाहीत म्हणून तुम्हीच परत पाठवलंत.”

डॉक्टरांना तो चेहरा काही केल्या आठवेना.